खमिराचं पाणी

"भाऊजींची कडू होती. ही गोड लागंल."

एवढं म्हणून बेबीनंदाने हुंगलेला ग्लास खाली ठेवला, पदर खोचला आणि बादली घेऊन ती अंगणातल्या नळावर गेली. संपतच्या हातात बाटलीचं बूच तसंच राहिलं. फेस वर येत होता, बाटलीच्या गळ्यावरून उतरून त्याच्या बोटांवर येत होता आणि तो बोटांकडे पाहत होता. बदनापूरच्या शाळेत तो आठवीच्या मुलांना जीभ शिकवतो. फळ्यावर मोठी जीभ काढतो, शेंड्यावर गोड लिहितो, कडांवर आंबट, आणि अगदी मागे, घशाजवळ, रेघा मारून कडू. कडू सगळ्यात शेवटी कळतं मुलांनो, घोट आत जायच्या बेतात असताना कळतं. नाकाला कडू कळत नाही. ओठांनाही नाही. रविवारची सकाळ, घरी केलेल्या बीअरची पंधरा दिवस जपलेली पहिली बाटली, जुन्या जालन्यातल्या दोन खोल्या, मोरीपाशी ओळीने उभ्या केलेल्या बाकीच्या बाटल्या, आणि या सगळ्याच्या मध्ये एक जीभ. मागून रेघा मारलेली. भाऊजी म्हणजे भुजंग, संपतचा मित्र. त्याची बीअर बायकोच्या या जिभेच्या मागपर्यंत गेली. कधी?

कारण बेबीनंदा पीत नाही. या घरातलं सगळ्यात पक्कं माप ते. लग्नात पांढरं लुगडं नेसून तिने पाच शीलं म्हटली तेव्हा संपत नुसते ओठ हलवत होता आणि ती म्हणत होती. हा फरक त्याला तेव्हाच ऐकू आला होता. पाचवं शील नशेचं. तिचे वडील सर्जेराव अंबडचे, छप्पनच्या दीक्षेहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सख्ख्या भावाची भट्टी पहारीने फोडली. भाऊ पुढे बोलला नाही, मरेपर्यंत. त्या माणसाची ही मुलगी. संपतने घरी बीअर करून पाहायची म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "करा. तुमचा प्रयोग हाये. मी हात लावीन, तोंड न्हाई लावायची." आणि तसंच वागली. सातू तिने भिजवले, ओल्या गोणपाटाखाली मोड आणले, माळवदावर वाळत घातले. घरमालकीण गिरिजाबाई जिना चढून बघून गेली. "कुणासाठी सत्व करून राह्यली गं? हाये का काही?" बेबीनंदा लाजली नाही. "न्हाई ओ मावशी, यांच्या पोटाला." "नवऱ्याला सत्व!" गिरिजाबाई हसत हसत खाली गेली, "असं कुठं राह्यतं का!" त्या दिवशी संपतला बरं वाटलं होतं. दोघांमध्ये एक गुपित आहे आणि बाकी जग जिन्याखाली आहे, असं.

दोघांमध्ये. भुजंग धरून तिघांमध्ये.

भुजंग शहागडचा, संपतही शहागडचा. एका शाळेत, मग औरंगाबादला एका वसतिगृहात. पुढे भुजंग एका बीअरच्या कारखान्यात लागला, प्रयोगशाळेत. संपत मास्तर झाला, रोज सकाळच्या गाडीने बदनापूर, संध्याकाळच्या गाडीने परत. कृती भुजंगची. कडवटपणाला लागणारी सुकी फुलं वर्तमानपत्राच्या पुडीतून भुजंगने आणली. आणि खमीर. बीअर आंबवणारे जीव. हे जीव थोडे असले तर मोठं पातेलं आंबत नाही, नासतं. म्हणून आधी बाटलीत वाढवायचे, मग बरणीत, त्यांना रोज सातूचं पातळ पाणी पाजायचं, आणि धष्टपुष्ट झाले की मग पातेल्यात सोडायचे. या मधल्या वाढवणीला भुजंग स्टार्टर म्हणतो. बेबीनंदा आंबवण म्हणते. सरबताच्या रिकाम्या बाटलीत भुजंगने ते आणून दिलं. भर दुपारी. संपत शाळेत असताना.

संपतनेच तसं सांगितलं होतं. तू ये आणि देऊन जा, नंदा घरी असते. नंदा घरी असते, हे शब्द त्याचे स्वतःचे.

मांडून पाहू. भुजंग मोटारसायकल दारात लावतो. बाटली देतो. "वहिनी, हे जपा, जीव हाये यात." उन्हाचा आला म्हणून पाणी पितो. जातो. या मांडणीत कडू कुठेच येत नाही.

पुन्हा. भुजंग येतो, बसतो. खमिराच्या बाटलीबरोबर दुसरीही बाटली आहे, त्याने स्वतः केलेली, खास. बूच काढतो. "वहिनी, बघा तरी. घोटभर." भुजंगच्या या 'बघा तरी'ला आजवर कुणी नाही म्हटलेलं संपतला आठवत नाही. वसतिगृहाचा रखवालदार नाही, औरंगाबादचा हॉटेलवाला नाही, पाठ वाकलेली गिरिजाबाई त्याच्या मोटारसायकलवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, चिंचेच्या झाडापर्यंत किंचाळत, हसत. ती नाही म्हणते. तो पुन्हा म्हणतो. ती

नाही. पुन्हा. या मांडणीत भुजंग काहीच म्हणत नाही. तो पितो आहे, आणि ती बघते आहे. मग तीच म्हणते, कशी लागते हो? आणि हात पुढे करते. संपतने लग्नापासून सहा महिने जे मागितलं नाही, मागायची हिंमत केली नाही, ते ती न मागता देते. ही मांडणी सगळ्यात वाईट आणि सगळ्यात नीट बसणारी. तिची बांगड्यांची मनगटं, ग्लास दोन्ही हातांनी धरणं, वरच्या ओठावर फेसाची रेघ. ओठावरची रेघ त्याने कधी पाहिलेली नाही आणि ती त्याला दिसते आहे, आत्ता, इथे, मोरीच्या ओल्या फरशीवर.

आणि पन्नास का आले नाहीत, तेही आता कळतं. कळतं असं वाटतं. त्याचा हिशोब साधा होता. इतके सातू, इतका गूळ, अठरा लिटर पाणी. काढा निवला की काचेची मापनळी त्यात सोडायची, ती जितकी वर तरंगेल तितकं सत्व जास्त. पन्नासवर तरंगायला हवी होती. तीनदा गुणाकार तपासला होता. बरणीतलं खमीर पातेल्यात ओतलं, ढवळलं, नळी सोडली, त्रेचाळीस. सात कुठे गेले? सातू कमी मुरले म्हणावेत तर चाळणीत चोथा कोरडा. गूळ मापात. तेव्हा त्याच्या मनात नुसतं चरकून गेलेलं आता उघडं होऊन बसलं: भुजंगने खमीरच तसलं दिलं. मुद्दाम. आपली चांगली व्हावी आणि संपतची पातळ. वहिनीला कळावं, फरक.

फरक तिला कळला. नुसत्या वासाने.

माळवदावर कबुतरं घुमत होती. खाली नळाची धार बादलीत पडत होती, आधी पोकळ आवाज, मग भरत जाणारा. पाण्याचा हा आवाज ऐकला की त्याला शहागड आठवतं आणि शहागड आठवलं की भुजंगची आई. झुंबरबाई. गोदावरीकाठची काळी जमीन, ओट्यावर बसलेली झुंबरबाई, आणि ओट्याखाली ओंजळ करून उभा असलेला तो. ती वाईट बाई नव्हती. "जेवला का रे संपत?" विचारायची. पाणी मात्र वरून. धार ओंजळीत पडायची, कोपरापर्यंत ओघळायची, आणि तांब्या नि हात यांच्यामध्ये नेहमी सारखंच अंतर. भुजंग शेजारी उभा राहून बघायचा आणि त्याला काही वाटायचं नाही, कारण तो लहान होता. नंतर मोठा झाला. वसतिगृहात पहिल्याच रात्री जेवायला बसले असताना, पोरं कुजबुजत असताना, भुजंगने संपतच्या पुढ्यातला अर्धा प्यालेला ग्लास उचलून तोंडाला लावला, संपवला आणि परत भरून संपतपुढे ठेवला. मग वरण वाढून घेतलं. सगळ्या पंगतीने ते पाहिलं. तेव्हापासून भुजंगबद्दल मनात काही वाईट आलं की तो ग्लास आडवा येतो. परीक्षेत भुजंगला जास्त पडले तेव्हा ग्लास. कारखान्याची नोकरी भुजंगला मिळाली, जी संपतला हवी होती, तेव्हा ग्लास. ज्याने सगळ्यांदेखत आपलं उष्टं प्यायलं त्याचा मत्सर करायला माणसाला कुणाचीतरी परवानगी लागते. आज सकाळी बेबीनंदाने ती दिली. कडू होती. आणि संपतला जाणवलं की छातीत जे भरून आलं आहे त्यात दुःख आहे, राग आहे, आणि अगदी तळाशी, कुणाला सांगता येणार नाही असा, थोडा आनंदही आहे.

"अजून तसेच बसले?" बेबीनंदा बादली घेऊन दारात उभी. "फेस सांडून राह्यला सगळा."

"भुजंग येणार आहे."

"येऊ द्या की. भाकरी टाकते दोन जास्तीच्या."

तिने बादली माठात रिकामी केली. मान तिरकी, केसांत पाण्याचे थेंब. संपतने हात पुसले, पुन्हा पुसले.

"त्या दिवशी बाटली घेऊन आला तेव्हा थांबला होता का तो?"

"कोन?"

"भुजंग."

"थांबले की. पाणी पिले. उन्हाचे आल्ते बिचारे."

"पाणी?"

"मंग काय, दूध?" ती हसली. "पाणी पिले, जिवाला जपा म्हनले, गेले. काऊन?"

"काही नाही. सहज."

ती पिठाचा डबा काढू लागली. तिचं हसणं सरळ होतं, किंवा सरळ केलेलं होतं. संपत तिच्या पाठीकडे पाहत राहिला. तिच्याच सांगण्यात पाणी आहे, कडू नाही. मग कडू आणखी कुठल्या दुपारचं? एका दुपारच्या तीन मांडण्या झाल्या होत्या. आता दुपारीच वाढत चालल्या. बदनापूरला जाणारी त्याची प्रत्येक गाडी मागे एक रिकामी दुपार सोडून गेलेली. तिने रोज संध्याकाळी बरणीचं फडकं सोडलं, सातूचं पाणी घातलं, कान लावून बुडबुडे ऐकले. "बोलून राह्यलेत हो," म्हणायची. तो शेजारी वही तपासत बसलेला. त्या बरणीत तिसऱ्याचं काहीतरी जिवंत होतं आणि ती त्याला रोज खाऊ घालत होती. हे त्याला तेव्हा गोड वाटलं होतं. गोड शेंड्यावर लागतं, मुलांनो. लगेच.

मोटारसायकल गल्लीत शिरली तेव्हा भाकऱ्यांचा वास सुटला होता. भुजंग जिन्यावरूनच ओरडला, "मास्तर, पोलीस आले!" आणि गिरिजाबाई खालून म्हणाली, "मेल्या, खरंच येतील एक दिवस." तो आत आला, चपला काढल्या, संपतच्या पाठीवर थाप मारली, माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्यायला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. संपतने दोन ग्लास भरले. भुजंगने आपला उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला, तोंडात फिरवला. कारखान्यात हा असंच करत असेल आणि त्याचा पगार मिळत असेल.

"वास चांगलाय," भुजंग म्हणाला. "पातळ झाली पण."

"खमीर कसलं दिलं होतं तू?" संपतचा आवाज त्याला स्वतःलाच उंच वाटला. "पन्नास यायचे ते त्रेचाळीस आले."

"खमिरानं कसे कमी येतील लेका? कधी बघितलं मापून?"

"बरणी ओतल्यावर."

"बरणी केवढी?"

"तीनेक लिटर."

"आख्खी ओतली?"

"मग?"

भुजंगने ग्लास खाली ठेवला आणि तो हसायला लागला. चांगलं, मोकळं हसणं, त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अरे मास्तर! अठरा लिटरचा हिशोब केला अन् वरून तीन लिटर पाणी ओतलं. ते धरलंच न्हाई तू."

"पाणी कुठे, खमीर होतं."

"खमीर बुडाशी बोटभर. साका. वरचं सगळं आंबून गेलेलं पाणीच, सत्व खाऊन टाकलेलं. स्टार्टर बी हिशोबात धरायचा असतो बाबा. काढा तेवढा कमी घ्यायचा अन् घट्ट करायचा. न्हाईतर वरचं फेकून द्यायचं अन् साका तेवढा टाकायचा. मीच सांगायला पाहिजे व्हतं, चूक माझी."

चूकही तो स्वतःकडे घेत होता. संपतने मनात गुणाकार केला आणि तो बसला. एकवीस लिटर, त्रेचाळीस. नेमका. काही गेलं नव्हतं. फक्त काहीतरी जास्तीचं आलं होतं.

"फेकायचं व्हतं व्हय वरचं?" स्टोव्हपाशी बेबीनंदा वळली, हाताला पीठ. "अन् मी येडी रोज बोट बुडवून चाखून राह्यले, आंबलं का नासलं ते कळावं म्हून. पहिल्या दिवशी तर लई कडू. थूऽ! मंग सातूचं पाणी घालू घालू कमी झालं."

"कडू असनारच वहिनी. बाटलीत वर माझीच बीअर व्हती ना. तिच्या बुडाचंच खमीर ते."

"तेच म्हनलं मी सकाळी यांना. भाऊजींची, म्हंजी ती बाटली, कडू होती, ही गोड लागंल."

ती परत तव्याकडे वळली. भाकरी फुगली. संपत बसल्या जागी हलका झाला. खरोखर हलका, जणू खुर्चीवरून उठलाच. ना दुपार, ना फेसाची रेघ. बोट. बरणीत बुडवलेलं एक बोट, त्याच्याच घरात, कदाचित तो शेजारी बसला असताना. सकाळपासून मांडलेलं सगळं एका बोटाने पुसून गेलं. आता हसायला हवं होतं. भुजंग हसत होता, ती पाठमोरी हसत होती, त्या दोघांच्या हसण्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. आणि त्याला ती जागा नको होती. सकाळपासून भुजंगवर रागवायची जी परवानगी हातात होती ती काढून घेतली गेली होती. पुन्हा तो ग्लास, पुन्हा तो चांगला माणूस, चूक माझी म्हणणारा. छातीत भरून आलेलं तर तसंच होतं. ते कुठे ओतायचं?

"म्हणजे शील मोडलं तुझं," तो म्हणाला.

"आँ?"

"पाचवं. बीअर चाखलीस तू. भुजंगची."

"बीअर कशाची, आंबवण ते. इडलीचं पीठ चाखते तसं चाखलं."

"आंबवणात बीअरच असते. आत्ताच सांगितलं ना त्याने. धरायचं असतं."

शाळेत फळ्यापुढे बोलतो त्या आवाजात तो बोलला. चूक दाखवायच्या आवाजात. बेबीनंदाने भुजंगकडे पाहिलं. "खरंय का भाऊजी?"

भुजंगचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, नुसता आकार. "थेंबभर, वहिनी. बोटाला लागंल तेवढी. त्याला काय कुनी धरतं?"

"पर होती."

भुजंगने ग्लास बाजूला सरकवला. ती संपतकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं न समजणं होतं, शाळेतल्या मुलीसारखं, मग हळूहळू, कुठलातरी गुणाकार आत होत असावा तसे तिचे डोळे बारीक झाले. तिने त्याच्या ग्लासाकडे पाहिलं. भुजंगच्या ग्लासाकडे पाहिलं. दाराकडे, जिथे सकाळी ती बादली घेऊन उभी होती.

"म्हून इचारलं व्हय मघाशी," ती हळूच म्हणाली, "थांबले होते का, म्हून."

"नाही, तसं नाही"

"पाणी का, म्हून."

"नंदा."

तिने स्टोव्ह बंद केला. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची, तशीच. मोरीवर जाऊन पीठ धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा बोट घालून जीभ घासली, अगदी मागून, ओकारी येईपर्यंत. मग तोंड पुसून ती आतल्या खोलीत गेली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली फळी, फळीवर मेणबत्ती. काडी ओढल्याचा आवाज आला.

"काय केलं रे तू?" भुजंग पुटपुटला. सगळं समजल्याचं त्याच्या मानेवरून दिसत होतं; मान लाल झाली होती. त्याने किल्ली उचलली, दारात जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरला. त्याचा ग्लास अर्धा भरलेला राहिला. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली नाही. दुसऱ्याही नाही.

संपत उंबऱ्यापर्यंत गेला. ती पाठमोरी गुडघ्यांवर बसली होती, हात जोडलेले. शील मोडलं तर पुन्हा घ्यायचं असतं, पहिल्यापासून, सगळी पाच. तिच्या वडिलांनी तिला तसं शिकवलं होतं. ती म्हणत होती. पुटपुटत नव्हती, म्हणत होती, लग्नात म्हटलं त्या आवाजात. पहिलं, जीव न मारण्याचं. दुसरं, न दिलेलं न घेण्याचं. खाली तिसऱ्या लाथेला मोटारसायकल सुरू झाली आणि गल्लीभर आवाज करत निघून गेली, आणि त्या आवाजात तिचं तिसरं बुडालं. तिसरं परपुरुषाचं, परस्त्रीचं.

ती थांबली. आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत थांबली. मग गुडघ्यांवरच मागे वळली, जोडलेले हात न सोडता, आणि संपतच्या डोळ्यांत बघत तिसरं पुन्हा म्हणाली, शब्द न् शब्द सुटा करून, बहिऱ्याला सांगावं तसं. त्याची नजर खाली गेल्यावरच ती फोटोकडे वळली आणि चौथ्याला लागली.